ब्राझीलमधील वन्यप्राणी व शिकारीचा कायदा : काय मना आहे, काय चालते आणि कागद कसे तपासावेत

ब्राझीलमध्ये शिकारीचा परवाना कुठे काढायचा, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे की हौसेच्या शिकारीसाठी असा परवाना तेथे आज मिळतच नाही. हे आधीच सांगितलेले बरे, कारण शेजारच्या अर्जेंटिनात परवाना घेऊन शिकार करता येते आणि सीमेच्या अलीकडेही तसेच असेल असे अनेकांना वाटते. ब्राझीलचा कायदा दुसऱ्या टोकाकडून सुरू होतो. वन्यप्राण्याला हात लावणे मुळातच मना आहे, आणि ज्याला तो लावायचा आहे त्याने ही मुभा आपल्याला कोणत्या कलमाने, कोणत्या कागदाने आणि कोणत्या जागेपुरती मिळाली आहे हे दाखवायचे असते. अभ्यासक, छायाचित्रकार, पर्यटक किंवा तेथे शेतीवाडीच्या कामासाठी जाणारा माणूस, कोणीही असो, त्याने याच क्रमाने प्रश्न विचारावेत.

आधी चार मजकूर वाचावेत

पहिला मजकूर 3 जानेवारी 1967 चा, 5197 क्रमांकाचा प्राणिसंरक्षण कायदा. त्याचे पहिलेच कलम सांगते की बंदिवासाबाहेर नैसर्गिकरीत्या जगणारे कोणत्याही जातीचे आणि वाढीच्या कोणत्याही अवस्थेतले प्राणी, त्यांची घरटी, बिळे आणि विणीच्या जागा यांसह, शासनाच्या मालकीचे आहेत. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. जमीन तुमची असली, तिचा सातबारा म्हणावा असा कागद तुमच्या नावावर असला, तरी त्या जमिनीवरून चालत गेलेले हरीण तुमचे होत नाही, आणि मालकाने ‘माझ्या शेतात खुशाल मार’ असे म्हटल्याने कोणालाही परवानगी मिळत नाही. पुढची दोन कलमे धंदेवाईक शिकार आणि वन्यप्राण्यांचा व त्यांच्यापासून बनवलेल्या वस्तूंचा व्यापार बंद करतात. नोंदणीकृत पैदास केंद्रांतून आलेले प्राणी तेवढे त्यातून सुटतात.

दुसरा मजकूर 1988 च्या राज्यघटनेतील 225 वे कलम. प्राण्यांचे निसर्गातील कार्य धोक्यात आणणाऱ्या, जाती नामशेष करणाऱ्या किंवा प्राण्यांना क्रूरपणे वागवणाऱ्या कृत्यांना ते मनाई करते. तिसरा, 12 फेब्रुवारी 1998 चा पर्यावरणीय गुन्ह्यांचा कायदा, क्रमांक 9605, ज्यात शिक्षा दिल्या आहेत. चौथा, 2008 चा 6514 क्रमांकाचा अध्यादेश, ज्यात प्रशासकीय दंडाचे आकडे आहेत. हे चारही मजकूर सरकारी संकेतस्थळांवर पोर्तुगीजमध्ये खुले आहेत. वाचताना मात्र दुरुस्त्यांसह असलेली आवृत्तीच उघडावी, कारण 1967 चा कायदा मध्यंतरी बराच बदलला आहे. 1988 च्या एका दुरुस्तीने शिकारीचा गुन्हा अजामीनपात्र केला होता, आणि त्या काळात भुकेसाठी आर्माडिलो हा कवचधारी प्राणी मारणारा मजूरही जामिनाविना तुरुंगात बसे. 1998 च्या कायद्याने ही स्थिती बदलली.

या कायद्यात ‘वन्यप्राणी’ या संज्ञेची व्याप्ती मोठी आहे. ज्या जातीच्या जीवनचक्राचा एखादा भागसुद्धा ब्राझीलच्या भूमीवर किंवा पाण्यात घडतो, ती जात यात मोडते. त्यामुळे उत्तर अमेरिकेत वीण करून दरवर्षी ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरणारी पाणपाखरे तितकीच संरक्षित आहेत जितका अ‍ॅमेझॉनमधला मकाव पोपट. जात संकटग्रस्त नसेल तर ती मारता येते, हा समज चुकीचा आहे. संकटग्रस्तांच्या यादीचा उपयोग शिक्षा वाढवण्यासाठी होतो. बंदी सर्वच जातींना लागू आहे.

शिक्षेचा हिशेब कसा करावा

1998 च्या कायद्याचे 29 वे कलम हे या विषयाचे केंद्र आहे. परवानगीशिवाय किंवा परवानगीच्या बाहेर जाऊन वन्यप्राणी मारणे, त्याचा पाठलाग करणे, त्याला पकडणे किंवा वापरणे यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद आणि दंड सांगितला आहे. घरटे मोडणे, अंडी किंवा पिल्ले विकणे, विकत घेणे, पिंजऱ्यात ठेवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांनाही तीच शिक्षा आहे. म्हणजे ‘मी मारले नाही, फक्त विकत घेतले’ या बचावाला येथे काही अर्थ उरत नाही.

जात दुर्मीळ किंवा संकटग्रस्त असणे, ती केवळ त्या भागापुरती संकटात असणे, कृत्य रात्री घडणे, ते संरक्षित क्षेत्रात घडणे, परवान्याचा गैरवापर होणे किंवा सरसकट संहार करणारे साधन वापरणे, यांपैकी काहीही असले तर शिक्षा निम्म्याने वाढते. धंदेवाईक शिकार असेल तर ती तिपटीपर्यंत जाऊ शकते. रात्रीची अट किरकोळ वाटेल, पण ती नेमकी वर्मावर बोट ठेवते. ज्याच्या मांसाला सर्वाधिक मागणी असते तो पाका हा मोठा कृंतक निशाचर आहे. झाडावरच्या मचाणातून किंवा होडीतून त्याच्या डोळ्यांवर विजेरीचा झोत टाकून त्याला मारण्याची रीत सर्वत्र आहे. म्हणजे नेहमीच्या रीतीने केलेली पाकाची शिकार जवळजवळ आपोआपच वाढीव शिक्षेत जाते.

न्यायालयातील शिक्षेशिवाय प्रशासकीय दंड वेगळा होतो, आणि दोन्ही प्रकरणे आपापल्या मार्गाने चालतात. 2008 च्या अध्यादेशानुसार यादीत नसलेल्या जातीच्या प्रत्येक प्राण्यामागे 500 रेआल आणि संकटग्रस्त यादीतल्या प्रत्येक प्राण्यामागे 5000 रेआल दंड आहे. पैसे कमावण्याच्या हेतूने कृत्य केले असेल तर तो दुप्पट होतो. आणखी एक तरतूद पक्षी पाळणाऱ्यांनी ठळक अक्षरांत लिहून ठेवावी अशी आहे. परवानगीपेक्षा जास्त किंवा वेगळ्या जातीचे प्राणी आढळले, तर दंड सर्व प्राण्यांवर मोजला जातो. दहा पक्ष्यांचे कागद असलेल्या माणसाकडे अकरावा बिनकागदाचा निघाला, तर हिशेब अकरांचा मांडला जातो.

हे सर्व सांगूनही माझे मत असे आहे की कैदेची मूळ मुदत हा या कायद्याचा सर्वांत कच्चा दुवा आहे. दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा नसलेले गुन्हे 1995 च्या 9099 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायालयात जातात आणि बहुधा तडजोडीवर मिटतात. भुकेल्या कुटुंबासाठी ही सौम्यता योग्यच आहे, पण पोपटांची पिल्ले पेटीत कोंबून शहरोशहरी पाठवणारा व्यापारीही त्याच दाराने बाहेर पडतो, हे अन्यायाचे आहे. विशेष म्हणजे मना केलेल्या काळात किंवा जागी मासेमारी केल्यास याच कायद्याचे 34 वे कलम एक ते तीन वर्षे कैद किंवा दंड किंवा दोन्ही सांगते. कागदावर तरी माशाचे मोल पक्ष्यापेक्षा जास्त ठरले आहे.

भूक, बंदूक आणि जंगलातली माणसे

त्याच कायद्याचे 37 वे कलम, कोणत्या परिस्थितीत प्राणी मारणे गुन्हा ठरत नाही, हे सांगते. पहिली परिस्थिती अशी की माणसाने निकडीच्या अवस्थेत, स्वतःची किंवा कुटुंबाची भूक भागवण्यासाठी प्राणी मारला. हा अपवाद वाचताना एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा आगाऊ मिळणारा परवाना नाही. प्रकरण उभे राहिल्यावर करायचा बचाव आहे, आणि निकड खरी होती की नाही हे न्यायाधीश ठरवतो. नदीकाठच्या एकाकी वस्तीत, बाजारापासून होडीने कितीतरी तासांच्या अंतरावर राहणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत तो सहज पटतो. शहरातल्या उपाहारगृहाला मांस पुरवणाऱ्याच्या बाबतीत तो टिकत नाही, कारण त्यात भूक विकणाऱ्याची नसते.

बंदुकीचा कायदा या अपवादाला हातभार लावतो, पण फार काटेकोरपणे. 2003 च्या 10826 क्रमांकाच्या शस्त्रकायद्याच्या सहाव्या कलमात ‘उदरनिर्वाहासाठी शिकार करणारा’ असा स्वतंत्र वर्ग आहे. अर्जदार ग्रामीण भागात राहणारा आणि 25 वर्षांपेक्षा मोठा असावा, आणि कुटुंबाच्या अन्नासाठी आपण बंदुकीवर अवलंबून आहोत हे त्याने सिद्ध करावे. मग त्याला एक किंवा दोन नळ्यांची, एका वेळी एकच बार उडवणारी, आतून गुळगुळीत नळीची आणि 16 किंवा त्याहून लहान कॅलिबरची बंदूक बाळगता येते. तीच बंदूक दुसऱ्या कामाला वापरली तर तिच्यासाठी वेगळा गुन्हा दाखल होतो. अशा कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या कोणीही हे वर्णन तपासून पाहावे, कारण घरात वारशाने आलेली बंदूक यात बसत नसेल तर भुकेचा बचाव शिकारीपुरता लागू होईल, शस्त्रापुरता नाही.

आदिवासींची बाब निराळी आहे. राज्यघटनेचे 231 वे कलम त्यांच्या परंपरागत भूमीवरील हक्क मान्य करते, आणि 1973 च्या 6001 क्रमांकाच्या कायद्याने त्यांच्या ताब्यातील प्रदेशात शिकार व मासेमारीचा एकाधिकार त्यांना दिला आहे. ‘एकाधिकार’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आदिवासी भूमीत आदिवासींच्या सोबतीने गेलेल्या बाहेरच्या माणसाला तो हक्क मिळत नाही, आणि पाहुणा म्हणून त्याच्या हातात बंदूक दिली गेली तरी गुन्हा त्याचाच राहतो.

या दोहोंच्या मधली माणसे म्हणजे रबराचा चीक आणि ब्राझील नट गोळा करून जगणारी कुटुंबे. त्यांच्यासाठी ‘वनोपज राखीव क्षेत्र’ ही संकल्पना उभी राहिली. रबर कामगारांचे नेते शिको मेंडिस यांची 22 डिसेंबर 1988 रोजी आक्री राज्यातल्या शापुरी गावी हत्या झाली, आणि त्यानंतर 1990 मध्ये त्यांच्याच नावाचे राखीव क्षेत्र स्थापन झाले. 2000 च्या 9985 क्रमांकाच्या संरक्षित क्षेत्र कायद्याने अशा क्षेत्रांत हौशी आणि धंदेवाईक शिकार बंद केली आहे. रहिवाशांनी स्वतःच्या अन्नासाठी केलेल्या शिकारीचे नियम त्या त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन योजनेत आणि ग्रामस्थांच्या करारात पाहावे लागतात. कोणत्या जाती सोडून द्यायच्या, शिकारीला कुत्रे न्यायचे की नाही, अशा गोष्टी तेथे लिहिलेल्या असतात. म्हणून राखीव क्षेत्रात काम करायचे असेल तर राष्ट्रीय कायद्याइतकाच तो करारही मागून घ्यावा. माझा अनुभव सांगतो की रहिवाशांनी स्वतः घातलेले निर्बंध बाहेरून आलेल्या बंदीपेक्षा अधिक मनापासून पाळले जातात.

पीक, गुरे आणि रानडुक्कर

शेताची नासाडी करणारा किंवा वासरू मारणारा प्राणी मारण्याची मुभा 37 व्या कलमात आहे, पण सक्षम अधिकाऱ्याने तशी स्पष्ट परवानगी आधी दिलेली असली पाहिजे. पांतानाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशातल्या कुरणात जग्वारने वासरू नेले म्हणून गुराख्याने त्याला गोळी घातली, तर संकटग्रस्त जात म्हणून शिक्षा उलट वाढते. अशा वेळी मृत जनावराची आणि पायांच्या ठशांची छायाचित्रे काढावीत, शव हलवू नये आणि राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावे. केंद्राची संरक्षित क्षेत्रे सांभाळणाऱ्या शिको मेंडिस संस्थेचे मांसाहारी प्राण्यांसाठी एक राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. रात्री वासरे घराजवळच्या कोंडवाड्यात आणणे आणि विजेचे कुंपण घालणे, हे उपाय बंदुकीपेक्षा स्वस्त पडतात आणि अधिक टिकतात.

ज्याला मारण्याची वाट कायद्याने खरोखर मोकळी केली आहे तो प्राणी एकच, युरोपातून आणलेले रानडुक्कर, ज्याला तेथे झावाली म्हणतात. ते उरुग्वेच्या बाजूने दक्षिणेत शिरले आणि पुढे देशभर पसरले. इबामा या केंद्रीय पर्यावरण संस्थेने 2013 च्या तिसऱ्या परिपत्रकाने त्याला उपद्रवी ठरवून त्याच्या नियंत्रणाला परवानगी दिली. त्यासाठी इबामाच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावे लागते, ‘सिमाफ’ या ऑनलाइन प्रणालीतून विशिष्ट जमिनीपुरते अधिकारपत्र घ्यावे लागते, जमीनमालकाची संमती लागते आणि नंतर किती डुकरे मारली याचा अहवाल द्यावा लागतो. जिवंत डुक्कर एका जागेहून दुसरीकडे नेणे मना आहे आणि मांस विकता येत नाही. बंदुकांचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, त्यामुळे मागच्या वर्षीचा कागद या वर्षी चालेल असे गृहीत न धरता प्रत्येक वेळी चालू आदेश पाहावा.

खरी जोखीम मात्र ओळख चुकण्यात आहे. ब्राझीलचे स्वतःचे दोन डुकरासारखे प्राणी आहेत, गळपट्ट्याचा कातेतू आणि पांढऱ्या जबड्याचा केशादा. दोघेही पूर्णपणे संरक्षित आहेत. संध्याकाळच्या अंधूक उजेडात तिघांचे आकार सारखेच भासतात. शेपूट पाहावी: झावालीची लांब आणि लोंबती असते, देशी प्राण्यांची इतकी आखूड की दिसतच नाही. सुळे पाहावेत: झावालीचे वर वळून ओठाबाहेर येतात, देशी प्राण्यांचे सरळ खाली जातात आणि तोंड मिटल्यावर झाकले जातात. कातेतूच्या मागच्या पायाला तीन बोटे असतात, झावालीला चार. यांतली एकही खूण नीट दिसली नसेल तर गोळी झाडू नये.

हौशी शिकारीचे हंगाम एके काळी रियो ग्रांदे दो सुल या दक्षिणेकडील राज्यात चालत आणि पाणथळीवर बदकांची शिकार होई. न्यायालयीन लढ्यांनंतर 2000 नंतरच्या पहिल्या दशकात तेही थांबले.

पिंजऱ्यातला पक्षी खरा की चोरीचा

ब्राझीलमध्ये गाणारे पक्षी पाळण्याची परंपरा जुनी आहे. कुरिओ, बिकुदू, ट्रिंका-फेरो आणि कनारिओ-दा-तेरा या पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात. कायद्याने हे पाळणे पूर्ण बंद केलेले नाही. हौशी पालकाने ‘सिसपास’ प्रणालीत नोंदणी करायची असते, तर नफ्यासाठी पैदास करणाऱ्या केंद्राला वेगळी मान्यता लागते आणि विक्रीचे बिल द्यावे लागते. 2011 च्या 140 क्रमांकाच्या पूरक कायद्यानंतर या मान्यतांचे बरेचसे काम राज्यांकडे गेले आहे.

पक्षी घेताना पायातली कडी सर्वांत आधी पाहावी. ही धातूची अखंड कडी पिल्लू काही दिवसांचे असतानाच, त्याची बोटे अजून मऊ असताना सरकवली जाते. पाय वाढला की ती निघत नाही आणि नव्याने घालताही येत नाही. जंगलातून पकडलेल्या प्रौढ पक्ष्याला कडी घालायची तर ती कापावी किंवा ताणून मोठी करावी लागते. म्हणून अधिकारी व्हर्नियर कॅलिपरने तिचा आतला व्यास मोजतात आणि त्या जातीसाठी ठरलेल्या मापाशी ताडून पाहतात. तुम्ही निदान एवढे करावे: कडीवर जोड किंवा कापल्याची खूण आहे का, आकडे खाडाखोड केल्यासारखे वाटतात का, कडी पायावरून सहज घसरते का, आणि तिचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अक्षरशः जुळतो का, हे पाहावे. पोपट आणि मकावांच्या बाबतीत कडी किंवा मायक्रोचिप आणि त्याच क्रमांकाचे बिल मागावे. ‘कागद नंतर पाठवतो’ असे म्हणणाऱ्याकडून पक्षी घेऊ नये.

घरात आधीच बिनकागदाचा पोपट असेल तर मार्ग बंद झालेला नाही. आपण होऊन तो पर्यावरण खात्याकडे सोपवला तर अध्यादेशातील दंड लावू नये, असे त्याच अध्यादेशात म्हटले आहे. संकटग्रस्त नसलेला प्राणी घरात पाळला असेल तर परिस्थिती पाहून शिक्षा न देण्याची मुभा न्यायाधीशालाही आहे. मात्र तपासनीस दारात आल्यावर केलेले समर्पण स्वेच्छेचे मानले जात नाही. पक्षी स्वतः जंगलात सोडून देणे हा उपाय नव्हे. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पोपट अन्न शोधू शकत नाही आणि रोगही घेऊन जाऊ शकतो. त्याला ‘सेटास’ नावाच्या वन्यप्राणी वर्गीकरण केंद्रात न्यावे.

प्रवासी, छायाचित्रकार आणि संशोधक

पिसांचे मुकुट, मकावाच्या पिसांची कर्णफुले, जग्वारच्या दातांच्या माळा, चकचकीत पॉलिश केलेली कवचे या वस्तू बाजारात दिसतात, पण परवानगीशिवाय त्या विकणे, घेणे आणि देशाबाहेर नेणे हे तिन्ही गुन्हे आहेत. ब्राझील 1975 पासून आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार करारात सहभागी आहे, त्यामुळे विमानतळावर निर्यात परवाना मागितला जातो आणि तो नसल्यास वस्तू जप्त होते. आदिवासी कारागिराला मदत करायची असेल तर बिया, तंतू आणि लाकूड यांपासून केलेल्या वस्तू घ्याव्यात. सहलीत स्लॉथ किंवा लहान मगर हातात देऊन छायाचित्र काढू देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. छायाचित्रासाठी पकडून ठेवणे हेही 29 व्या कलमातले ‘वापरणे’ ठरते. पांतानालमध्ये मांस टाकून जग्वारला बोलावणे नियमबाह्य आहे, तेव्हा असे आमिष दाखवणारा वाटाड्या टाळावा. संरक्षित क्षेत्रात काढलेली चित्रे व्यावसायिक कामासाठी वापरायची असतील तर आधी अनुमती काढावी लागते.

मासेमारीच्या हौशीसाठी मासेमारी खात्याचा परवाना लागतो आणि ‘पिरासेमा’ म्हणजे माशांच्या प्रजननप्रवासाचा काळ टाळावा लागतो. अनेक खोऱ्यांत तो साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो, पण नदीगणिक तारखा बदलतात.

संशोधनासाठी नमुने घ्यायचे असतील, रक्ताचा थेंब किंवा पिसाचे टोक का असेना, तर शिको मेंडिस संस्थेच्या ‘सिसबियो’ प्रणालीतून परवानगी घ्यावी. परदेशी संशोधकाला 1990 च्या 98830 क्रमांकाच्या अध्यादेशानुसार वेगळी संमती लागते, आणि जनुकीय सामग्रीवर काम करायचे असेल तर 2015 च्या 13123 क्रमांकाच्या कायद्यानुसार ब्राझीलमधील संस्थेशी जोडून घेणे आवश्यक आहे. या कागदांना महिने लागतात, म्हणून तिकिटे शेवटी काढावीत.

गुन्हा दिसला तर

विक्रेत्याशी वाद घालू नये आणि दया येऊन पक्षी विकतही घेऊ नये. त्याने दुसऱ्या दिवशी आणखी एक पिल्लू घरट्यातून निघते आणि खरेदी केल्याबद्दल तुम्हीही कायद्यात अडकता. ठिकाण, वार, वेळ, गाडीचा क्रमांक, जात ओळखता आली नाही तर रंग आणि आकार, पिंजऱ्यांची अंदाजे संख्या, हे सारे लगेच लिहून ठेवावे. तक्रार इबामाच्या ‘हरित रेषा’ या मोफत क्रमांकावर, 0800 61 8080 वर, नोंदवता येते. तातडी असेल तर राज्याच्या पर्यावरण पोलिसांना कळवावे. घटना राष्ट्रीय उद्यानात किंवा केंद्राच्या राखीव क्षेत्रात घडली असेल तर तेथील शिको मेंडिस संस्थेच्या कार्यालयालाही सांगावे, कारण त्या हद्दीतली तपासणी त्यांच्याकडे असते. तक्रारीचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि काही दिवसांनी त्याच क्रमांकावर पुन्हा चौकशी करावी.